मी मूस झाले तो दिवस

मूस मी कधी पाहिलेला नाही. फोटोत पाहिलाय तेवढाच. घोड्यापेक्षा उंच, खांद्यावर उंचवटा, खाली लोंबणारं जाड नाक आणि नराच्या डोक्यावर दोन फावडी उलटी लावावीत तशी रुंद शिंगं. हरणाच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. तो राहतो कॅनडाच्या थंड डोंगरांत. मी वाढले मस्कतमध्ये, हमरियाच्या एका गल्लीत. शिंप्याचं दुकान, घड्याळं दुरुस्त करणारा, बिर्याणीवाला आणि कचऱ्याच्या डब्यांवर बसलेली मांजरं, एवढंच आमचं जग. तरी माझ्या लहानपणच्या भीतीला कसला आकार असेल, तर तो मुसाचा होता.

गेल्या उन्हाळ्यात पप्पा वसईहून मस्कतला माझ्याकडे राहायला आले. आल्या आठवड्यातच म्हणाले, "बाय, एकदा वर जाऊन येऊ या." आमच्या घरात मला कुणी नावाने हाक मारतच नाही, बायच म्हणतात. वर म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या सुट्टीला सकाळी त्यांना गाडीत बसवलं आणि ओमानच्या सगळ्यात उंच डोंगराचा, जबल शम्सचा रस्ता धरला.

खाली मस्कतमध्ये भट्टी पेटली होती. वर पोचलो तर हवा हलकी, जवळजवळ गार. जुनिपरच्या वाकड्यातिकड्या झाडांपाशी मी गाडी थांबवली. दार उघडलं आणि तो वास आला. तापून निवणाऱ्या दगडांचा, शेळ्यांच्या लेंड्यांचा आणि जुनिपरचं पान चुरगळलं की येतो तो राळेसारखा. पप्पांनी कानाला रुमाल बांधला आणि उताराकडे बघत उभे राहिले. कड्याच्या पलीकडून ढग वर सरकत होते.

"इथंच ना?" त्यांनी विचारलं.

"इथंच."



मी लहान होते तेव्हा शुक्रवारला एक वेगळाच वास असायचा. तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्साही शुक्रवारी सकाळीच. चर्चमधून येताना कपड्यांना धुपाचा वास लागलेला असायचा. घरी आलं की मम्मी ते धुपाचे कपडे बदलायच्या आतच सुरमई तळायला घ्यायची. गावाहून आणलेल्या मसाल्याची बरणी उघडली की जिन्यापर्यंत ठसका जायचा. त्या ठसक्यात खोकत, हसत रॉस अंकल वर यायचे.

पप्पा बोअर मारणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक होते. रॉस अंकल त्याच कंपनीत ड्रिलर. बरक्याच्या शेतांवर दोघांनी मिळून किती बोअर मारल्या असतील, देव जाणे. रॉस अंकल कॅनडाचे, एकटे, लाल मानेचे, हातांवर सोनेरी लव असलेले. त्यांचं इंग्रजी नाकातून यायचं, पप्पांचं हिंदीतून. तरी दोघांचं असं जमायचं, की मम्मी म्हणायची, "लग्न माझ्याशी झालंय, पण संसार त्या गोऱ्याशी चाललाय." रॉस अंकल काय बोलायचे ते मला आता मराठीतच आठवतं.

जेवण झालं की ताटं उचलायच्या आत जमिनीवर नकाशा पसरला जायचा. कागद गुंडाळी होऊन राहिल्यामुळे उघडला की पुन्हा मिटायचा. म्हणून एका कोपऱ्यावर इस्त्री, एकावर मसाल्याची बरणी, एकावर पप्पांचा पाना. चौथ्यावर एकदा रॉस अंकलनी प्रार्थनेचं पुस्तक ठेवलं होतं. मम्मीने काही न बोलता ते उचललं आणि तिथे खलबत्ता ठेवला.

नकाशा रॉस अंकलच्या डोंगरांचा होता. सगळा हिरवा, त्यावर तपकिरी रेघांची जाळी. रेघा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. मधून एक निळी नदी. नदीच्या वळणाशी पेन्सिलीने काढलेली फुली. तिथे तंबू लागणार होता.

"आणि हा डोंगर कुणाचा?" पप्पा दर वेळी विचारायचे. उत्तर माहीत असूनही विचारायचे.

"कुणाचाच नाही. सरकारचा म्हण. म्हणजे माझा, माझ्या शेजाऱ्याचा, सगळ्यांचा. परवाना असला की खुशाल चालत जायचं."

"कुंपण नाही?"

"नाही."

"आणि राखण करायला?"

"अस्वलं आहेत की!" रॉस अंकल मोठ्याने हसायचे.

पप्पा मान हलवत राहायचे. वसईत आमची केळीची वाडी. बांधावर एक माड कोणाच्या बाजूला झुकतो यावरून दोन सख्खे काका एकमेकांशी बोलत नव्हते. त्या माणसाला एवढा मोठा डोंगर, झाडापाण्यासकट, कुणाचाच नाही, ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटे. मला वाटतं, पप्पांना मूस नकोच होता. त्यांना त्या कुणाच्याच नसलेल्या डोंगरात शिरायचं होतं.

रॉस अंकलच्या गावी शिकारीच्या परवान्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. त्या वर्षी त्यांचं नाव निघालं. बरोबर पाहुणा आणायलाही परवानगी मिळेल, असं त्यांनी विचारून घेतलं. तिकडे पानगळ लागली की जायचं. तोवर तयारी.

तयारीने आमचं घर भरून गेलं. मम्मीची टाल्कम पावडर संपायला लागली, कारण वारा कुठून वाहतो हे बघायला रॉस अंकल चिमूटभर पावडर हवेत सोडायचे. मुसाला नीट दिसत नाही, म्हणायचे, पण नाक असं आहे की आपण कालच्या जेवणात काय खाल्लं तेही त्याला कळेल. पावडरीचा ढग एसीच्या झोतात तरंगत दाराकडे जायचा आणि पप्पा गंभीरपणे म्हणायचे, "म्हणजे आपण स्वयंपाकघरातून गेलं पाहिजे."

तांदळाचं पोतं पाठीवर बांधून पप्पा इमारतीचा जिना चढायचे आणि उतरायचे. मूस पडला की त्याचं मांस तुकडे करून पाठीवरूनच आणावं लागतं. एकेक मांडी माणसाएवढी भरते. जिन्यात त्यांच्या घामाचा आणि गोणपाटाचा वास रेंगाळायचा. शेजारचे लोक आधी विचारायचे, मग हसायचे, मग त्यांनी हसणंही सोडून दिलं.

आणि ती हाक. मुसाच्या मादीची हाक काढून नराला जवळ बोलावतात. त्यांच्या गावी त्यासाठी झाडाच्या सालीचा कर्णा करतात, रॉस अंकल म्हणाले. इथे जुन्या कॅलेंडरचं जाड पान गुंडाळून त्यांनी कर्णा केला, तोंडाला लावला आणि डोळे मिटले. आवाज आधी खालून आला, विव्हळत वर चढला, लांबला आणि शेवटी कुणी गळा दाबावा तसा तुटला. शेजारची मल्याळी बाई धावत आली. घरात कुणी आजारी आहे का, विचारू लागली. सगळे हसले. मीही हसले. पण माझ्या हातांवर काटा आला होता तो संध्याकाळपर्यंत बसला नाही. त्या आवाजाची मादी कुठेतरी खरोखर आहे, ती आपल्या नराला प्रेमाने बोलावतेय आणि त्याच हाकेवर त्याला मारायचं, हे मला नीट कळलं नसावं. पण कळल्यासारखी भीती वाटली.

मला नकाशाचीही भीती वाटायची. पप्पांचं बोट नदीवरून निघून त्या हिरव्यात शिरलं की मी श्वास धरून बसायचे. पडलेल्या मुसाच्या रक्ताचा वास अस्वलाला मैलांवरून येतो, असं रॉस अंकल सांगायचे. म्हणून घाई करायची, एकाने कापायचं, दुसऱ्याने पाठीला पाठ लावून झाडीकडे बघत उभं राहायचं. एखादा तुकडा न्यायचा राहिला तर परत जाताना टाळ्या वाजवत, मोठ्याने बोलत जायचं.

"आणि अस्वल आधीच येऊन बसलेलं असलं तर?" मी विचारलं.

"मग मांस त्याचं," ते म्हणाले.

मम्मीने कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस काढला. ती दुपारची भांडी घासताना एकटीच बोलायची. "देवाने हातपाय धड दिलेत, ते पुरे नाही या माणसाला." नळाच्या आवाजात तिला वाटायचं कुणाला ऐकू जात नाही.

शाळेला सुट्टी लागली आणि गावी जायच्या आधी एका शुक्रवारी रॉस अंकल म्हणाले, "आता रंगीत तालीम." त्यांच्या लँडक्रूझरमधून आम्ही सगळे जबल शम्सवर आलो. तेव्हा वरचा रस्ता नुसता दगडांचा होता. गाडीत सगळं खडखडत होतं, माझे दातसुद्धा. रॉस अंकलनी पप्पांसाठी लाकडाची बंदूक केली होती. दिसायला दांडकंच, पण वजन यावं म्हणून आत लोखंडी सळई बसवलेली. घरात बाल्कनीतल्या कबुतरांवर पप्पा ती कितीदा रोखायचे. नियम मलाही पाठ झाले होते. दिसलं की लगेच चाप ओढायचा नाही. आधी बघायचं, जे दिसतंय ते मूसच आहे ना. त्याच्यामागे कुणी नाही ना. मग श्वास अर्धा सोडायचा. तिथे थांबायचं. मग बोट.

या जुनिपरांखाली मम्मीने स्टोव्ह मांडला. रॉस अंकल म्हणाले, "आता कुणीतरी मूस व्हायला हवं."

"मी होते," मी म्हणाले.

का म्हणाले, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज वाटतं, मूस मीच झाले तर मूस पप्पांना काही करणार नाही, असं काहीतरी डोक्यात असेल. रॉस अंकलनी माझ्या अंगावर तपकिरी ब्लँकेट पांघरलं, गळ्याशी पिन लावली. "लपायचं नाही. मूस लपाछपी खेळत नाही. हळूहळू चालायचं, थांबायचं, पाला खायचा. त्या उंचवट्याच्या पलीकडे जायचं नाही."

मम्मी म्हणाली, "ढग येतायत हो."

"पंधरा-वीस मिनिटांत परत," पप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

मी चालत गेले. ब्लँकेटला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता. आधी मजा वाटली. मी वाकून एका झुडपाचं पान तोंडात धरलं, कडू लागलं, थुंकलं. मागे वळून पाहिलं तर गाडी दिसत नव्हती. मम्मी दिसत नव्हती. मग ढग आला. घरातल्या बाथरूममध्ये वाफ भरते तसा नाही. कुणीतरी डोंगरावरून चादर ओढत आणावी तसा, कडेकडेने. दगड ओले झाले. जवळचं झाड दूर गेलं. कुठूनतरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली आणि बंद झाली.

आणि ती हाक आली.

रॉस अंकलच काढतायत, हे मला ठाऊक होतं. कॅलेंडरच्या कर्ण्यातून, ज्याच्या पाठीमागे ओमानच्या सुट्ट्या लाल अक्षरांत छापल्या होत्या. पण ढगात आवाजाला दिशा नव्हती. तो दरीत उतरला, समोरच्या कड्यावर आपटला आणि दुसऱ्याच कुणाचा होऊन परत आला. मी जिथे होते तिथे थिजले.

ढग मधूनच फाटला. माझ्यासमोर एक घळ होती आणि घळीच्या पलीकडे पप्पा.

एक गुडघा टेकलेला. दांडकं गालाशी. एक डोळा मिटलेला. दुसरा माझ्यावर.

माझे पप्पा कसे दिसतात हे मला माहीत होतं. झोपलेले, रागावलेले, दाढीचा साबण लावलेले, कम्युनियन घेऊन डोळे मिटून परत येणारे. हा चेहरा त्यातला नव्हता. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यात कुणाला ओळखल्याची खूणच नव्हती. नुसतं बघणं होतं. त्यांची छाती थोडी खाली गेली, आणि थांबली. अर्धा श्वास. मला पप्पा म्हणून ओरडायचं होतं, जीभ उचलली नाही. त्यांचं बोट हललं.

मग ढग मिटला.

मी पळाले. ब्लँकेट कशात तरी अडकलं, पिन निसटली, ते मागेच राहिलं. उंचवटा कधी ओलांडला कळलं नाही. पायाखालचे दगड घरंगळायला लागले, मी बसल्याबसल्या घसरत गेले आणि एका कपारीत पाय टेकले. खाली काही नव्हतं. म्हणजे ढग होता. घरंगळलेला दगड खाली पडल्याचा आवाज यायला हवा होता. तो आलाच नाही. मग पाऊस आला, मोठ्या थेंबांचा, आणि डोंगराच्या पोटात काहीतरी गडगडलं.

"बाय! ए बाय!"

पप्पांचा आवाज. जवळून, मग लांबून, मग अगदी डोक्यावरून. "बाय, कुठे आहेस गं? ओ दे!" आवाज फाटत होता. मी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि तोंडावर हात घट्ट दाबला होता. मला ऐकू येत होतं. मी ओ दिली नाही.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग मम्मीचा आवाज आला. ती हाक मारत नव्हती. ती मोठमोठ्याने नमो मारियाची प्रार्थना म्हणत चालली होती, एक संपली की दुसरी, मध्ये श्वासही न घेता, घरी रोझरीच्या वेळी माझी पेंग उडवायला म्हणायची तशी. मी ओरडले, "मम्मी!"

वरच्या कडेला आधी मम्मीचं डोकं दिसलं, मग ते मागे ओढलं गेलं आणि पप्पा पोटावर झोपले. रॉस अंकलनी त्यांचे पाय धरले असणार. पप्पांचा हात खाली आला. मी तो हात बघत राहिले.

"हात दे, बाय."

मी दिला नाही. मागून मम्मी ओरडली, "धर गं त्यांचा हात! धर म्हणते ना!" तेव्हा मी धरला. तो हात ओला होता.

खाली येताना वाटेतला वाडी, म्हणजे तिथला कोरडा ओढा, तांबड्या पाण्याने फुगून रस्त्यावरून वाहत होता. पाणी उतरेपर्यंत गाडी अलीकडेच थांबली.  काचांवर आतून वाफ धरली होती, ओल्या कपड्यांचा आणि थर्मासमधल्या चहाचा वास कोंडला होता. रॉस अंकलनी एकदा फक्त म्हटलं, "खलास. पाणी उतरलं." आणि गाडी पाण्यात घातली. लाकडाची बंदूक गाडीत नव्हती. ती कुठे राहिली, कुणी विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर पप्पा म्हणाले, अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, सुट्टी नाकारली. रॉस अंकल त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नकाशावरची इस्त्री उचलून बाजूला ठेवली, बरणी ठेवली, पाना ठेवला, खलबत्ता ठेवला. नकाशा आपोआप मिटला. पानगळीत ते एकटेच गेले. परत आले तेव्हा मांडीच्या मांसाबद्दल, थंडीबद्दल काहीबाही बोलले, पप्पांनी ऐकून घेतलं. नंतरच्या वर्षी त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं.

मला जे हवं होतं तेच झालं होतं. पप्पा कुठेच गेले नाहीत. अस्वल आलं नाही. पण शुक्रवार रिकामे झाले. जेवण झालं की पप्पा टीव्हीसमोर आडवे व्हायचे. मम्मीच्या पावडरीचा डबा महिनोन्‌महिने पुरायला लागला. तांदळाचं पोतं दुकानातला पोऱ्या वर आणून द्यायचा. जमिनीवर जिथे नकाशा पसरायचा तिथे मी कधी कधी पालथी पडून राहायचे, फरशीला गाल लावून. गार लागायची. ज्या गोष्टीला घाबरून मी झोपेतून दचकून उठत होते, ती गेली, आणि ती जाताना घरातला सगळ्यात मोठा आवाज घेऊन गेली. पप्पा पुढेही चांगलेच होते. माझ्या अभ्यासाला बसायचे, माझ्या लग्नात रडले, मम्मी आजारी होती तेव्हा तिचे केस विंचरायचे. त्यांच्यासारखा प्रेमळ माणूस मी पाहिला नाही. पण ते वर्तमानपत्र वाचताना एक डोळा बारीक करायचे, तेव्हा मी खोलीतून उठून जायचे.

आता त्याच उतारासमोर ते कानाला रुमाल बांधून उभे होते. ढग पायांपर्यंत आले होते.

"बाय," ते म्हणाले, "त्या दिवशी तू मला दिसली होतीस."

"माहितीये. मलाही तुम्ही दिसला होतात."

त्यांनी मान वळवली. "कधी?"

"बंदूक धरली होती तेव्हा. घळीपलीकडे."

त्यांचा खालचा ओठ हलला.  

"मी चुकीचं बोललो," ते हळू म्हणाले. "मला तू नव्हती दिसलीस. ब्लँकेट दिसलं. ढगात काहीतरी मोठं, तपकिरी दिसलं. खोटं नाही सांगत, बाय, त्या वेळेला मला मुलगी नव्हती, बायको नव्हती. ते जनावर होतं आणि मी होतो. एवढे दिवस घोकलेलं सगळं बरोबर झालं. श्वास सोडला. चाप ओढला." ते थांबले. "आणि बरं वाटलं गं. फार बरं वाटलं. आयुष्यात तसं कधी वाटलं नव्हतं. मग ढग आला, आणि मग आठवलं, डोंगरावर कोण आहे."

वारा पडला होता. 

"रॉस रोज सांगायचा, आधी नीट बघ. मी बघितलंच नाही. हातात लाकूड होतं म्हणून." त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "ते तिथंच दरीत टाकलं."

"म्हणजे अर्बाबने सुट्टी दिली होती."

"दिली होती."

"मम्मीला कधी सांगितलंत?"

"नाही. ती जायच्या आदल्या दिवशीसुद्धा ओठांवर आलं होतं. म्हटलं, हे घेऊन तिने कशाला जावं."

मलाही सांगायचं होतं.  "पप्पा, तुम्ही हाका मारत होतात तेव्हा मला ऐकू येत होत्या."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"मम्मीचा नुसता आवाज ऐकून तू ओ दिलीस. मी तुझ्या डोक्यावरच उभा होतो." त्यांचा आवाज अगदी साधा होता, तक्रार नसलेला. "तेव्हाच समजलो, तू काहीतरी पाहिलंयस. काय पाहिलंस, ते विचारायची हिंमत झाली नाही. एवढी वर्षं झाली नाही."

मी त्यांच्या दंडाला हात लावला. शर्ट दमट झाला होता. आत दंड उरला नव्हता, हाड होतं. दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

तेवढ्यात ढगाने गाडी गिळली. मी वळून पाहिलं तर झाडंही नव्हती, नुसतं पांढरं. जुनी भीती परत आली, तीच, तिला वय नव्हतं. मी म्हणाले, "चला पप्पा, अजून रस्ता सापडेल. माझा हात धरा."

त्यांनी हात धरला नाही.

"वाट अरुंद आहे, दोघं मावणार नाही," ते म्हणाले. "तू पुढे चाल. मला दिसत राहा."

मी उभीच राहिले. त्या दिवसानंतर मी पप्पांच्या पुढे कधी चाललेली नाही. बाजारात, चर्चमध्ये, विमानतळावर, कुठेही. त्यांना हे माहीत असेल का, मला ठाऊक नाही. कदाचित असेल.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि चालायला लागले. दोन खांद्यांच्या मधली जागा थंड पडली होती. मागून त्यांचे बूट दगडांवर घासत येत होते, कधी जवळ, कधी थोडे मागे. ते थांबले की मी थांबत होते. मी थांबले की ते म्हणत होते, "दिसतेस. चाल."

मी वळून पाहिलं नाही.